दोन झडपा आणि एक ऑपरेशन : प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी का गळते?

(भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)

आजचा विषय ऐकायला अवघड नाही, बोलायला अवघड आहे. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण जेवताना कुणी काढत नाही, असा विषय. त्यामुळे हेडफोन लावा, आणि जमलं तर घरातल्या साठीपुढच्या माणसालाही ऐकवा.

सुरुवात माझ्या आजोबांपासून करतो. आईचे वडील. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. त्याआधी रात्री पाच-पाच वेळा उठणं, धार बारीक, शेवटी एका रात्री लघवी पूर्ण तुंबली आणि दोन वाजता गाडी काढावी लागली. ऑपरेशन झालं, नळी निघाली, धार मोकळी झाली. आजीनं शेजारी पेढे दिले.

आणि महिन्याभरात आजोबांनी भजनाला जाणं बंद केलं. हे मोठं होतं, कारण आजोबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि गुरुवार चुकवणं त्यांना माहीतच नव्हतं. कारण कुणाला सांगेनात. मी फोनवर खूपच मागे लागलो तेव्हा म्हणाले, "बाळा, थाप मारली की इकडं गळतंय बघ. देवापुढं ओल्या धोतरानं बसू व्हय मी?"

घरातला निष्कर्ष एका दिवसात ठरला : डॉक्टरनं काहीतरी नको ते कापलं. माझाही तोच होता.

आता यंदा बाबांची पाळी आली. वय ६२. गोळ्यांनी भागेना, डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. बाबांचं एकच वाक्य : "मला मामांसारखं करून घ्यायचं नाही." मामा म्हणजे आजोबाच, बाबांचे सासरे. ऑपरेशन टाळलं तर मूत्राशय आणि पुढे किडनी बिघडू शकते, आणि केलं तर ही भीती. मग मी वाचायला बसलो. मी डॉक्टर नाही, बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो. पण सिस्टीम का फेल होते हे शोधणं हेच माझं काम. आणि या शोधात मला सव्वाशे वर्षांचा एक इतिहास सापडला, जो ऐकल्यावर आमच्या घरचा निष्कर्ष बदलला.

आधी नळकाम समजून घेऊ

लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय. त्याच्या तोंडाशी एक झडप. ती आपोआप चालते, आपल्याला पत्ताही नसतो. तिच्या खाली प्रोस्टेट, म्हणजे मूत्रमार्गाभोवतीची ग्रंथी, तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी. आणि प्रोस्टेटच्या खाली दुसरी झडप, स्नायूंचं एक कडं. लघवी लागलेली असताना आपण गाडीत बसून जी दाबून धरतो ती हिच्या जोरावर.

म्हणजे दोन झडपा, मधे प्रोस्टेट. वय वाढतं तसा प्रोस्टेटचा आतला भाग वाढतो, मार्ग दाबतो. ऑपरेशनमध्ये हा वाढलेला भाग काढतात. आणि तो काढताना वरची झडप बहुतेक वेळा कामातून जाते. ही चूक नाही, त्या ऑपरेशनचा तो भागच आहे. म्हणूनच नंतर वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप काढून टाकला. इथून पुढे सगळा भार खालच्या एका झडपेवर.

हे एवढं लक्षात ठेवा. बाकी सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

नळीवर जगणारी माणसं

ऑपरेशन येण्याआधी काय होतं? नळी. १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिननं, हो, तोच विजेवाला फ्रँकलिन, मूतखड्यानं हैराण झालेल्या आपल्या भावासाठी चांदीची वळणारी नळी बनवून घेतली होती. एकोणिसाव्या शतकात रबरी नळ्या आल्या. लघवी तुंबलेला म्हातारा माणूस दिवसातून अनेकदा स्वतःच नळी घालायचा. तिच्यातून जंतू आत जायचे, आणि त्या काळात अँटिबायोटिक नव्हतं. असं नळीवरचं आयुष्य फार लांबायचं नाही.

त्यामुळे त्या काळातल्या सर्जनसमोर प्रश्न एकच होता : माणूस जगेल का? नंतर त्याचे कपडे कोरडे राहतील का, हा प्रश्न फार पुढचा.

फ्रेयर, आणि त्याचं हिंदुस्थान

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. पीटर फ्रेयर. आयर्लंडमधल्या गॉलवे भागातला. १८७५ च्या सुमारास इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भरती झाला आणि जवळपास वीस वर्षं उत्तर हिंदुस्थानात नोकरी केली. तिथे मूतखड्याचे रुग्ण भरपूर. मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा आतल्या आत फोडायचा आणि चुरा धुऊन काढायचा, या कामात त्याचा हात बसला. म्हणजे लंडनमध्ये पुढे जे नाव झालं, त्यामागचा सराव आपल्याकडच्या रुग्णांवरचा.

लंडनला परतल्यावर तो सेंट पीटर्स हॉस्पिटलमध्ये लागला. १ डिसेंबर १९०० रोजी त्यानं एका वयस्क रुग्णाचं ओटीपोट उघडलं, मूत्राशय उघडलं, आणि बोटानं वाढलेलं प्रोस्टेट सोलून काढलं. संत्र्याची साल तशीच ठेवून आतला गर काढावा तसं. जुलै १९०१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चार रुग्णांची हकिगत छापून आणली.

लगेच भांडण पेटलं. न्यूयॉर्कचा यूजीन फुलर म्हणाला, हे तर मी १८९५ मध्येच छापलंय. फ्रेयरचा दावा होता की मी पूर्ण प्रोस्टेट काढतो. तोही खरा नव्हता. तो काढत होता तो गर, साल मागे राहत होती. आणि गंमत बघा, रुग्णांचं भलं त्या मागे राहिलेल्या सालीमुळेच होत होतं. खालची झडप त्या सालीच्या टोकाला चिकटून असते. साल ओढून काढली असती तर झडपेला धक्का बसला असता.

१९१२ मध्ये फ्रेयरनं एक हजार ऑपरेशनांचा हिशेब मांडला. त्या हिशेबात सगळ्यात महत्त्वाचा आकडा होता मृत्यूंचा. एक हजार रुग्णांची नोंद ठेवणं हीच त्या काळात मोठी गोष्ट, त्याबद्दल सलाम. पण हे ध्यानात ठेवा : आपण जे मोजतो तेच सुधारतं. आधी मरण मोजलं, मरण कमी झालं.

खालचा रस्ता

त्याच सुमारास अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू हॅम्प्टन यंग वेगळ्या वाटेनं जात होता. पोटातून न जाता खालून, अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून. रक्तस्राव कमी, पोट उघडायचं नाही. पण ही वाट खालच्या झडपेच्या अगदी शेजारून जाते. हात सुटला की गळती.

म्हणजे इतिहासात पहिल्यांदा एक धोक्याचं कारण ठळक दिसतं : कोणत्या वाटेनं गेलात.

यंगनं १९०९ मध्ये मूत्रमार्गातून घालायचं एक पंच उपकरणही केलं, कागदाला भोक पाडायच्या पंचसारखंच. १९१२ मध्ये त्यानं त्याच्या साहाय्यानं 'डायमंड जिम' ब्रेडी या अवाढव्य, खाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या उद्योगपतीचं ऑपरेशन केलं. मधुमेहासकट इतके आजार होते की मोठं ऑपरेशन झेपलं नसतं. ब्रेडी इतका खूश झाला की त्याच्या पैशातून जॉन्स हॉपकिन्समध्ये १९१५ मध्ये ब्रेडी युरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली.

एक इंजिनिअर मधे येतो

१९२६ मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्ननं रिसेक्टोस्कोप नावाचं उपकरण आणलं. मूत्रमार्गातून दुर्बीण आणि विजेच्या तारेचा छोटा फास आत घालायचा, आणि प्रोस्टेट पातळ चकत्यांनी खरवडून काढायचं. पण कापणं आणि रक्त थांबवणं ही दोन्ही कामं नीट होईनात. इथे आला थिओडोर डेव्हिस, साउथ कॅरोलायनाचा. हा डॉक्टर व्हायच्या आधी इंजिनिअर होता! त्यानं कापणारा करंट आणि रक्त थांबवणारा करंट यांची जोड बसवली, पायानं दाबायचं बटण दिलं. जोसेफ मॅकार्थीनं दुर्बीण सुधारली. १९३० च्या दशकात आजच्या टीयूआरपी ऑपरेशनचा सांगाडा तयार झाला. पुढे १९५९ च्या सुमारास हॅरॉल्ड हॉपकिन्सच्या काचेच्या दांड्यांच्या लेन्समुळे आतलं चित्र स्वच्छ दिसायला लागलं.

पण उपकरण विकत घेणं सोपं, हात बसणं अवघड. पाण्याखाली, रक्तानं लाल झालेल्या दृश्यात सर्जन कापतोय. खालची झडप कुठून सुरू होते हे ओळखायची खूण म्हणजे मूत्रमार्गातला एक छोटा उंचवटा. त्याच्या अलीकडे राहायचं, पलीकडे जायचं नाही. हा नियम प्रत्येक शिकाऊ युरॉलॉजिस्टच्या डोक्यात पक्का बसवतात. पुढच्या बाजूला, म्हणजे घड्याळात १२ वाजतात त्या जागी, तो उंचवटा नसतोच, आणि तिथेच नवख्या हाताचा अंदाज चुकतो.

दुसरं धोक्याचं कारण इथे सापडलं : हाताचा सराव.

डिसेंबर १९४५ मध्ये टेरेन्स मिलिननं, तोही आयरिशच, लॅन्सेटमध्ये मूत्राशय न उघडता जघनास्थीच्या मागून जायची पद्धत छापली. फार मोठ्या प्रोस्टेटसाठी ती पुढे बरीच वर्षं चालली. पण मूळ गणित तेच. वरची झडप जाणार, खालचीवर भिस्त.

शेवटी रुग्णाला विचारलं

आता उडी मारून १९८० च्या दशकात येऊ. तोपर्यंत टीयूआरपी अमेरिकेतल्या म्हाताऱ्या पुरुषांचं नेहमीचं ऑपरेशन झालं होतं. जॉन वेनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेन राज्यात आकडे काढले, तर शेजारशेजारच्या भागांत ऑपरेशनचं प्रमाण वेगवेगळं. माणसं सारखी, आजार सारखा, मग फरक का? तर फरक डॉक्टरांच्या मतात होता. तेव्हा त्यांनी एक साधी गोष्ट केली. रुग्णांना विचारलं, तुम्हाला किती त्रास होतो, आणि ऑपरेशननंतर काय झालं?

१९८९ मध्ये ३,८८५ रुग्णांचा मोठा अमेरिकी अभ्यास आला. मृत्यूचं प्रमाण ०.२ टक्के. म्हणजे फ्रेयरचा प्रश्न जवळपास सुटला होता. आता राहणीमानाचा प्रश्न उरला.

आणि मग १९९५. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमध्ये मध्यम त्रास असलेले ५५६ पुरुष घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन, दुसऱ्या गटावर फक्त लक्ष ठेवायचं. निकाल वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. ऑपरेशन झालेल्या गटात लघवी गळण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा जास्त नव्हतं!

म्हणजे काय? ऑपरेशन न केलेल्या म्हाताऱ्या माणसांचीही लघवी गळतेच. वयानं, मूत्राशयाच्या चिडचिडेपणानं. ऑपरेशननंतर गळती दिसली म्हणजे ती ऑपरेशननंच आणली, असं धरता येत नाही. आम्ही इंजिनिअर लोक याला म्हणतो, बग आधीपासून होता, दुसऱ्या बगमुळे झाकला होता. नळ चोंदलेला असतो तोवर वॉशर खराब आहे हे कळत नाही.

मग धोका कुणाला?

आजवर जे अभ्यास झालेत त्यांतून वारंवार पुढे येणारी कारणं मी तीन डब्यांत टाकली.

पहिला डबा, रुग्ण जे घेऊन येतो. वय. मधुमेह, विशेषतः जुना, कारण तो नसांना पोखरतो. वजन, कारण पोटाचा दाब सतत झडपेवर. ऑपरेशनच्या आधीपासून 'लागली की धरवत नाही' अशी तक्रार. पक्षाघात, मणक्याचा आजार, पार्किन्सन्स. पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्ये टीयूआरपीनंतर गळती जास्त, हे डॉक्टरांना बऱ्याच आधीपासून जाणवत होतं. १९८८ च्या एका अभ्यासानं दाखवलं की मुद्दा आजाराच्या नावाचा नसून त्या माणसाला खालची झडप स्वतःच्या मर्जीनं आवळता येते का, याचा आहे. ज्या भागाला पूर्वी कॅन्सरसाठी रेडिएशन दिलंय, तिथेही धोका वाढतो.

दुसरा डबा, प्रोस्टेट स्वतः. फार मोठं प्रोस्टेट म्हणजे जास्त कापणं, जास्त वेळ, झडपेवर जास्त ताण. आणि वर्षानुवर्षं अडथळ्याशी झुंजून मूत्राशयाची भिंत जाड आणि चिडकी झालेली असते. अडथळा एका दिवसात जातो, चिडकेपणा जात नाही. तो शांत व्हायला आठवडे, महिने लागतात.

तिसरा डबा, सर्जन आणि पद्धत. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंगनं होल्मियम लेझरची पद्धत पुढे आणली, होलेप म्हणतात तिला. गंमत म्हणजे ही पुन्हा फ्रेयरचीच कल्पना, संत्र्याचा गर सोलून काढायची, फक्त बोटाऐवजी लेझर. मोठ्या प्रोस्टेटला फार चांगली, पण शिकायला वेळ लागतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत खोकलं-शिंकलं की गळणं यात बऱ्यापैकी दिसतं, आणि सर्जनच्या सुरुवातीच्या केसेसमध्ये जास्त. म्हणून आता झडपेजवळचं आतलं अस्तर आधीच अलगद सोडवून घेणं, ताण न देणं, अशा सुधारणा आल्यात.

आकडा हवाच असेल तर टीयूआरपीचा सांगतो. पहिल्या काही आठवड्यांत ३०-४० टक्क्यांपर्यंत लोकांना काही ना काही गळती होऊ शकते. कायमची मोठी गळती मात्र १०० मध्ये १ किंवा त्याहून कमी. या दोन आकड्यांच्या मधे माझे आजोबा घरात बसून होते, आणि त्यांना हे दोन्ही आकडे कुणी सांगितले नव्हते.

आणखी एक गोंधळ आपल्याकडे नेहमी होतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं. त्यात सालीसकट सगळं काढतात, तिथे गळतीचा धोका बराच जास्त. शेजारच्या काकांचं ते झालं असेल तर त्यांचा अनुभव साध्या वाढीच्या ऑपरेशनला लावू नका.

आणि गळलंच तर?

१९४८ मध्ये अमेरिकेत अर्नोल्ड केगलनं बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. लघवी मधेच थांबवताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे-सोडायचे. पुरुषांनाही तेच शिकवतात, आणि ऑपरेशनच्या आधीपासून सुरू केले तर आवळायचं काय हे तरी आधी कळतं. चिडक्या मूत्राशयासाठी गोळ्या आहेत. आणि अगदीच नाही थांबलं तर कृत्रिम झडप. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉटनं ती बसवली, आणि ती घडवणाऱ्या चमूत गेराल्ड टिम हा इंजिनिअर होता. मूत्रमार्गाभोवती पाण्यानं फुगणारं कडं, आणि अंडकोषाच्या पिशवीत बसवलेला छोटा पंप. पंप दाबला की कडं सैल. पाणी, दाब आणि झडप, बस.

घरी परत

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजोबांकडे गेलो आणि जुनी फाइल काढली. मधुमेह २० वर्षांचा. प्रोस्टेट मोठं. आणि आजीला विचारलं तर म्हणाली, ऑपरेशनच्या आधीही संडासाच्या दारापर्यंत जाईस्तोवर धोतर ओलं व्हायचं, तुंबायला लागल्यावर ते थांबलं. पहिल्या आणि दुसऱ्या डब्यातली तीन कारणं, एकाच माणसात. डॉक्टरनं काही नको ते कापलं असं म्हणायला फाइलमध्ये काहीच आधार नव्हता. पण मला राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. हे तीन प्रश्न ऑपरेशनच्या आधी कुणी विचारले नाहीत, आणि 'काही महिने गळेल, बहुतेक कमी होईल, व्यायाम करा' हे एक वाक्य नंतर कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पेढे वाटले आणि मोकळे झालो.

आजोबांचं म्हणाल तर जवळच्या फिजिओथेरपिस्टनं व्यायाम शिकवले. साखर ताब्यात आणली. पाचेक महिन्यांत बरंच कमी झालं. आता आत पॅड लावतात आणि गुरुवारी जातात. फक्त पूर्वी मधोमध बसायचे, आता दाराजवळ बसतात. "उठायला बरं," म्हणतात. पखवाजाचा आवाज तेवढाच येतो.

आणि बाबांना घेऊन मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कागदावर चार प्रश्न होते. माझ्या वयात, शुगरमध्ये, या आकाराच्या प्रोस्टेटमध्ये गळतीचा धोका किती? कोणती पद्धत वापरणार आणि तुम्ही स्वतः ती किती केलीत? मूत्राशयाच्या दाबाची तपासणी करायची गरज आहे का? आणि गळलंच तर किती दिवस थांबायचं, कुणाकडे जायचं? पहिले तीन मी विचारले. चौथा बाबांनी स्वतः विचारला. डॉक्टर चिडले नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून बसले. आता तारीख ठरली आहे, व्यायाम कालपासून सुरू झालेत.

तुमच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन ठरत असेल तर हे चार प्रश्न लिहून घ्या. मी सांगितलं ते इतिहास म्हणून ऐका, उपचार मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. आणि घरातले आजोबा अचानक बाहेर जायचे बंद झाले असतील तर 'कंटाळा आला असेल' म्हणून सोडून देऊ नका, एकदा बाजूला बसून विचारा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.